डेट्रॉइटचा बिल्ला, अलाबामाचा कामगार

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने आयात मोटारींवर २५ टक्के शुल्क बसवलं. पुढे जपान, युरोप आणि दक्षिण कोरिया यांच्याशी वाटाघाटी होऊन त्यांच्यापुरतं ते १५ टक्क्यांवर आलं. त्या निमित्ताने पुन्हा पेटलेला वाद मात्र थंडावलेला नाही. एका बाजूचं म्हणणं असं, की अमेरिकी माणसाने फोर्ड, शेवरोले नाहीतर डॉज घ्यावी; टोयोटा घेणारा आपल्याच शेजाऱ्याच्या पोटावर पाय देतो. दुसरी बाजू म्हणते, की टोयोटा आणि होंडा याच आता जास्त अमेरिकी आहेत, डेट्रॉइटच्या कंपन्या, म्हणजे जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर, आपल्या कर्माने बुडाल्या आणि युनियनने त्याला हातभार लावला. गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं हा वाद याच दोन खुंट्यांना बांधलेला आहे, आणि ज्याच्या नावाने तो चालतो त्या कामगाराच्या पदरात त्यातून काहीही पडलेलं नाही. माझं मत स्पष्ट आहे. कंपनीचं मूळ घर कुठलं, हा प्रश्न नोकऱ्यांच्या हिशेबात जवळजवळ निरर्थक झाला आहे. गाडी बांधली कुठे जाते, बांधणाऱ्याला कुठल्या अटींवर राबवलं जातं आणि कारखाना आपल्याकडे यावा म्हणून जनतेचा पैसा ओतताना सरकारने बदल्यात काय लिहून घेतलं, हे विचारायला हवं. ते विचारणारे फार थोडे आहेत.

गाडीवरच्या कंपनीच्या बिल्ल्यावर विसंबणाऱ्यांनी डीलरच्या आवारात जाऊन नव्या गाडीच्या काचेवर चिकटवलेला कागद एकदा नीट वाचावा. १९९२ च्या कायद्याने तो सक्तीचा झाला. गाडीतले किती टक्के सुटे भाग अमेरिका-कॅनडातले, अंतिम जुळणी कुठल्या गावी झाली, इंजिन कुठल्या देशातलं आणि गिअरबॉक्स कुठला, हे सगळं त्यावर छापलेलं असतं. कागद काढून टाकलेला असेल तर समोरच्या काचेच्या कोपऱ्यातून दिसणारा सतरा अक्षरांचा क्रमांक पाहावा. सुरुवात १, ४ किंवा ५ ने होत असेल तर गाडी अमेरिकेत जुळवलेली, २ असेल तर कॅनडात, ३ असेल तर मेक्सिकोत; 'जे' म्हणजे जपान, 'के' म्हणजे कोरिया. हे वाचत आवारात फिरलं की बिल्ल्याचा भरवसा उरत नाही. ब्यूक हे जनरल मोटर्सचं जुनं, मानाचं नाव. पण तिची एन्व्हिजन ही गाडी २०१६ पासून चीनमधून अमेरिकेत येते. शेवरोले ब्लेझरची सध्याची पिढी मेक्सिकोतली, शेवरोले ट्रॅक्स कोरियातली. फोर्डची ब्रॉन्को स्पोर्ट आणि मॅव्हरिक मेक्सिकोतल्या एर्मोसियोच्या कारखान्यातून येतात. उलट टोयोटा कॅमरी केंटकीतल्या जॉर्जटाउनला १९८८ पासून बनते. होंडाची अकॉर्ड १९८२ मध्येच ओहायोतल्या मेरीसव्हिलला बनू लागली. साऊथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गचा बीएमडब्ल्यूचा कारखाना हा त्या कंपनीचा जगातला सर्वांत मोठा कारखाना आहे, आणि तिथल्या गाड्या अमेरिकेतून बाहेर निर्यात होतात.

मी मिशिगनमध्ये राहतो. वाहनउद्योगाच्या आधाराने इथे स्थिरावलेली मराठी कुटुंबं बरीच आहेत. एखाद्याने ह्युंदाई घेतली की "ऑफिसच्या पार्किंगमध्ये लावणार कशी?" हा प्रश्न आजही येतो, आणि तो निव्वळ थट्टेचा नसतो. ती ह्युंदाई अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत बनलेली असू शकते आणि शेजारी दिमाखात उभी असलेली डेट्रॉइटची गाडी सीमेपलीकडून आलेली असू शकते, हे प्रश्न विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. तरी लाज ह्युंदाईवाल्यालाच का वाटावी?

बिल्ल्याच्या मागे लागलं की काय घोळ होतो, याची दोन उदाहरणं मला फार बोलकी वाटतात. १९९२ च्या सुरुवातीला, जपानविरोधी लाट जोरात असताना, न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीस नावाच्या गावाने खोदकामाचं यंत्र घ्यायचं ठरवलं. जपानी कोमात्सुचं यंत्र बरंच स्वस्त होतं, पण देशप्रेमापोटी गावाने महागडं जॉन डीअर निवडलं. मग कळलं की कोमात्सुचं यंत्र अमेरिकेतच बनतं आणि डीअरच्या यंत्राचं इंजिन जपानमधून येतं. दुसरं उदाहरण आपल्या जवळचं आहे. महिंद्रने २०१८ साली मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्सला रॉक्सर नावाच्या शेतावर वापरायच्या छोट्या गाडीची जुळणी सुरू केली. सुटे भागांचे संच भारतातून येत आणि जोडणारे हात मिशिगनचे. लगेच फियाट क्रायस्लरने तक्रार ठोकली, की हिचं रूप आमच्या जीपसारखं आहे. नोंदणी नेदरलँड्सची, कार्यालय लंडनला आणि मालकीचा मोठा वाटा इटालियन घराण्याकडे असलेली कंपनी अमेरिकी वारशाच्या वतीने उभी होती, आणि प्रतिवादी होती ती १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून मूळ जीप बनवणाऱ्या विलिस कंपनीच्या परवान्यावर मुंबईत जीप जुळवत मोठी झालेली कंपनी. २०२० साली निकाल महिंद्रच्या विरुद्ध गेला. पुढे तोंडवळा बदलून गाडी विकायची मुभा मिळाली. कायद्याचा मुद्दा आकारावरच्या हक्काचा होता आणि तो आपल्या जागी ठीक असेल. पण या भांडणात देशी कोण आणि विदेशी कोण, हे छातीठोकपणे सांगता येईल का?

या सगळ्या वादाचा निकाल लावणारा प्रयोग खरं तर १९८४ सालीच झाला होता, आणि त्याची आठवण दोन्ही बाजू आपापल्या सोयीपुरतीच काढतात. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता. गैरहजेरी इतकी, की काही वेळा पाळी सुरू करायला माणसं पुरत नसत. कामावर दारू चाले, तक्रारींचे ढीग पडलेले असत. १९८२ साली कंपनीने कारखाना बंद केला आणि 'असले कामगार असल्यावर दुसरं काय होणार' असं सगळ्यांनी म्हणून घेतलं. दोन वर्षांनी जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी मिळून तोच कारखाना न्यूमी या नावाने उघडला. व्यवस्थापन टोयोटाचं, कामगार बहुतांश जुनेच, युनियनही तीच, युनायटेड ऑटो वर्कर्स (यूएडब्ल्यू). कामगारांच्या तुकड्या जपानमध्ये टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात शिकायला पाठवल्या गेल्या. परत आल्यावर त्यांच्या डोक्यावरून, लाइनच्या कडेकडेने एक दोरी गेलेली असे. बोल्ट नीट बसला नाही, दाराची फट जास्त वाटली, की ज्याच्या लक्षात येईल त्याने ती ओढायची. दिवा लागे, धून वाजे, टीम लीडर धावत येई. दोघांना ते ठरलेल्या वेळात निस्तरलं नाही तर अख्खी लाइन थांबे. जुन्या फ्रीमाँटमध्ये लाइन थांबवणं हा सर्वांत मोठा गुन्हा होता. चूक दिसली तरी गाडी पुढे ढकलायची आणि नंतर आवारात तिची दुरुस्ती करत बसायचं, अशी तिथली शिस्त. नव्या व्यवस्थेत गैरहजेरी जवळजवळ नाहीशी झाली आणि गाड्यांचा दर्जा जपानमधल्या कारखान्याच्या तोडीला आला. तीच माणसं, तीच युनियन. मग दोष कामगाराचा होता की त्याला वागवणाऱ्यांचा?

त्या लाइनवरून एकीकडे टोयोटा कोरोला बाहेर पडे आणि दुसरीकडे शेवरोलेचा बिल्ला लावलेली नोव्हा, पुढे जिओ प्रिझम. गाडी जवळपास एकच, हातही तेच. गिऱ्हाईक मात्र जपानी बिल्ल्याला जास्त पैसे मोजायला तयार असे आणि प्रिझमची जुनी गाडी म्हणून किंमत कोरोलापेक्षा लवकर उतरे. म्हणजे बिल्ल्याने फसण्याचा रोग दोन्ही बाजूंना आहे. आणि परदेशी मालकाची आरती ओवाळणाऱ्यांनी शेवटही लक्षात ठेवावा. २००९ साली दिवाळखोरीत गेलेल्या जनरल मोटर्सने भागीदारीतून अंग काढलं आणि टोयोटाने २०१० च्या एप्रिलमध्ये न्यूमी बंद केला. टोयोटाचा अमेरिकेतला यूएडब्ल्यूची युनियन असलेला तो जुळणीचा एकमेव कारखाना होता. हजारो कामगारांना घरी पाठवताना अमेरिकी कंपनीने माया दाखवली नाही आणि जपानी कंपनीनेही नाही. आज त्या जागेत टेस्लाच्या गाड्या बनतात आणि तिथे युनियन नाही.

कंपनीच्या वंशावरून नोकरीचा हिशेब मांडण्याची सवय निरुपद्रवी असती तर मी इतकं लिहिलं नसतं. तिची किंमत माणसांनी चुकवली आहे. जून १९८२ मध्ये, डेट्रॉइटमध्ये बेकारी कळसाला पोचलेली असताना, व्हिन्सेंट चिन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला बेसबॉलच्या बॅटने मारून टाकण्यात आलं. काही दिवसांवर त्याचं लग्न होतं. मारणाऱ्यांतला एक क्रायस्लरच्या कारखान्यातला फोरमन होता. तुमच्यासारख्यांमुळे आमच्या नोकऱ्या गेल्या, अशा अर्थाचं तो बोलल्याचं साक्षीदारांनी सांगितलं. चिन हा चिनी वंशाचा अमेरिकी होता, जपानशी त्याचा काही संबंध नव्हता. दोघा आरोपींना परिवीक्षा आणि प्रत्येकी ३,००० डॉलर दंड इतकीच शिक्षा झाली. तुरुंगाची एक रात्रही नाही. कामगारांच्या वस्त्यांत त्या काळी जपानी गाड्या घणाने फोडण्याचे जाहीर कार्यक्रम होत, युनियनच्या आवारांत परदेशी गाड्या लावायला मज्जाव असे. ज्यांनी ते खेळ भरवले त्यांनी खुनाची चिथावणी दिली असं मी म्हणणार नाही. पण कारखाना कुणाच्या निर्णयाने बंद झाला, हे विचारायचं सोडून बंद करणाऱ्याचा वंश शोधायला लोकांना शिकवलं, की राग कुठल्या तोंडावर जाऊन पडेल हे कुणाच्या हातात राहत नाही. गौरेतर चेहऱ्याने या देशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता समोरच्यांचे जे मुद्दे खरोखर वजनदार आहेत, त्यांच्याकडे येतो. पहिला मुद्दा असा, की जुळणीच्या कारखान्यापलीकडेही नोकऱ्या असतात. रेखाटन, संशोधन, चाचण्या, हिशेब, कायदा ही जास्त पगाराची कामं कंपनीच्या मूळ घरी राहतात. डेट्रॉइटच्या तीन कंपन्यांची वॉरन, डिअरबॉर्न आणि ऑबर्न हिल्स इथली संकुलं पाहिली की यात तथ्य आहे हे दिसतं, आणि या उद्योगातल्या एकूण अमेरिकी नोकऱ्यांत या तिघींचा वाटा अजून मोठा आहे, हेही खरं. टोयोटाचं अॅन आर्बरजवळ आणि होंडाचं ओहायोत संशोधन केंद्र आहे, तरी मुख्य निर्णय जपानमध्येच होतात. हे सगळं मान्य करूनही विचारावंसं वाटतं, की अमेरिकी मालकी असली म्हणजे ही कामं इथेच राहतात याची हमी कुठे आहे? क्रायस्लर १९९८ मध्ये जर्मनांकडे गेली, मग एका गुंतवणूक फंडाकडे, मग इटालियनांकडे. २०२१ पासून ती नेदरलँड्समध्ये नोंदलेल्या स्टेलँटिसचा भाग आहे. डेट्रॉइटची म्हणून जी तीन नावं घेतली जातात त्यांतलं एक आज युरोपीय कंपनीचं आहे. आणि बंगळूरू, चेन्नई, पुणे इथे बसून डेट्रॉइटच्या गाड्यांवर काम करणारे अभियंते आपलेच भाऊबंद आहेत. त्यांच्या कष्टाबद्दल मला आदरच आहे. पण अमेरिकी कंपनी अभियांत्रिकीचं काम अमेरिकेतच ठेवते, हा दावा आपण मराठी माणसांनी तरी मान डोलावून ऐकू नये.

दुसरा मुद्दा त्याहून भारी आहे. परदेशी कंपन्या अमेरिकेत आल्या त्या प्रामुख्याने दक्षिणेत, जिथे युनियन दुबळी होती. १९८३ साली निसान टेनेसीतल्या स्मर्नाला, १९९४ मध्ये बीएमडब्ल्यू स्पार्टनबर्गला, १९९७ मध्ये मर्सिडीज अलाबामातल्या व्हान्सला, २००५ मध्ये ह्युंदाई मॉन्टगोमेरीला. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने राज्यांना अशी मुभा दिली, की युनियनच्या कराराचा फायदा घेणाऱ्यालाही वर्गणी भरायची सक्ती करता येऊ नये. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांनी ती घेतली आणि तिथे युनियन उभी राहणं अवघड झालं. मुख्य कारखान्यात पगार बरे असले तरी कंत्राटदारामार्फत घेतलेले तात्पुरते कामगार वर्षानुवर्षं तात्पुरतेच राहतात, आणि सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांत परिस्थिती आणखी वाईट. अलाबामात ह्युंदाईला भाग पुरवणाऱ्या, तिच्याच मालकीच्या कारखान्यात अल्पवयीन मुलं काम करत असल्याचं २०२२ मध्ये उघड झालं. २०२४ मध्ये अमेरिकेच्या श्रम खात्याने या प्रकरणी खटला भरला. तक्रारीत तेरा वर्षांच्या मुलीचा उल्लेख होता, आठवड्याला पन्नास-साठ तास यंत्रावर. 'टोयोटा-ह्युंदाई याच खऱ्या अमेरिकी' म्हणणाऱ्यांनी हे वाचून मगच बोलावं. स्वस्त मजुरीच्या या स्पर्धेने डेट्रॉइटच्या कामगाराचा पगारही खाली ओढला, हा युनियनचा आरोप मी शंभर टक्के खरा मानतो.

पण यातून निष्कर्ष काय काढायचा? हेच मर्सिडीज आणि फोक्सवॅगन जर्मनीत कसे वागतात पाहा. १९७६ च्या कायद्याने तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना द्याव्या लागतात. म्हणजे श्टुटगार्टमध्ये कामगाराला शेजारी बसवणारी कंपनी अलाबामात त्याला दाराबाहेर ठेवते. कंपनीचा देश दोन्हीकडे जर्मनीच आहे. बदलतो तो कायदा, आणि तो कायदा अमेरिकी लोकप्रतिनिधींनी केलेला आहे. एप्रिल २०२४ मध्ये टेनेसीतल्या चॅटानूगाच्या फोक्सवॅगन कामगारांचं युनियनसाठी मतदान होतं. त्याच्या तोंडावर दक्षिणेतल्या सहा राज्यांच्या गव्हर्नरांनी युनियनविरोधी संयुक्त पत्रक काढलं. कामगारांनी ते झुगारून ७३ टक्क्यांनी युनियन आणली; पुढच्याच महिन्यात अलाबामातल्या मर्सिडीजमध्ये ती हरली. तिथे कामगाराची बाजू कुणी कमकुवत केली, बर्लिनने की अलाबामाच्या विधिमंडळाने? आणि अमेरिकी कंपन्या संधी मिळाल्यावर वेगळं वागतात असंही नाही. जनरल मोटर्सने कोरियाच्या एलजीबरोबर ओहायोत लॉर्ड्सटाउनजवळ बॅटरीचा कारखाना काढला, तेव्हा सुरुवातीचा पगार होता ताशी साडेसोळा डॉलर. त्याच परिसरातल्या, २०१९ मध्ये बंद केलेल्या आपल्याच मोटार कारखान्यातल्या पगाराच्या कितीतरी खाली. तो वाढला २०२२ मध्ये कामगारांनी युनियनला मत दिल्यानंतर.

२०२३ चा संप इथे आठवायला हवा. १५ सप्टेंबरला यूएडब्ल्यूने तिन्ही डेट्रॉइट कंपन्यांविरुद्ध एकाच वेळी संप पुकारला. सगळे कारखाने एकदम बंद न करता दर काही दिवसांनी नवा कारखाना संपात ओढण्याची युक्ती वापरली आणि सहा आठवड्यांत २०२८ पर्यंतच्या करारात २५ टक्के पगारवाढ पदरात पाडली. लगोलग होंडाने ११ टक्के, टोयोटाने सुमारे ९ टक्के आणि ह्युंदाईने २०२८ पर्यंत २५ टक्के वाढ जाहीर केली. तिघींकडे युनियन नव्हती आणि कुणी संपही केला नव्हता. दक्षिणेतल्या कामगाराचा पगार मिशिगनच्या फाटकावर फलक घेऊन उभ्या राहिलेल्या माणसामुळे वाढला. हे दोन कामगार एकमेकांचे शत्रू आहेत, असं गृहीत धरून चाललेल्या वादात या घटनेला जागाच नाही.

उलट बाजूच्या, 'बुडू द्या डेट्रॉइट' म्हणणाऱ्यांच्या युक्तिवादाला २००८ मध्येच उत्तर मिळालं होतं. त्या डिसेंबरात बुडायला आलेल्या मोटार कंपन्यांना सरकारी मदत देण्याचा प्रस्ताव सिनेटमध्ये अडला. विरोधात पुढे होते ते अलाबामाचे रिचर्ड शेल्बी आणि टेनेसीचे बॉब कॉर्कर, ज्यांच्या राज्यांत परदेशी कारखाने होते. शेवटी बुश प्रशासनाने १७.४ अब्ज डॉलरचं कर्ज दिलं. त्या सुनावण्यांत फोर्डचे प्रमुख ॲलन मुलाली यांची भूमिका लक्षात घेण्यासारखी आहे. फोर्डला स्वतःला हे पैसे नको होते, तरी प्रतिस्पर्ध्यांना वाचवा म्हणून ते सांगत होते. कारण उघड होतं. स्टिअरिंग, सीट, वायरिंग पुरवणारे व्हेंडर सगळ्यांचे सामाईक. जनरल मोटर्स कोसळली असती तर ते बुडाले असते, आणि त्यांच्यामागोमाग फोर्डच्याच नव्हे तर होंडा आणि टोयोटाच्याही अमेरिकेतल्या लाइन थांबल्या असत्या. २००० साली या उद्योगात सुमारे तेरा लाख माणसं होती. २००९ च्या उन्हाळ्यात ती साडेसहा लाखांच्याही खाली गेली. आज आकडा पुन्हा दहा लाखांच्या आसपास आहे. मदत दिली नसती तर तो तिथवर आला असता, असं मला वाटत नाही.

संरक्षक शुल्काचं काय? त्याने कारखाने येतात, हे मी नाकारणार नाही. १९८१ मध्ये जपानने अमेरिकेच्या दडपणाखाली निर्यात वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्यांवर रोखून धरली, आणि ८० च्या दशकात जपानी कारखान्यांची रांग लागली. होंडा आणि निसान यांचे निर्णय त्याआधीचे होते, तरी दडपणाचा वास त्यांनाही आलेलाच होता. पण त्याच मर्यादेमुळे जपान्यांनी कमी गाड्यांत जास्त नफ्याच्या महाग गाड्या पाठवल्या. अॅक्युरा आणि लेक्सस त्या दशकातच जन्मल्या. डेट्रॉइटनेही स्पर्धा कमी झाल्याचं पाहून किमती चढवल्या. त्याहून जुनं उदाहरण हलक्या ट्रकांवरच्या २५ टक्के शुल्काचं. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर शुल्क लावलं म्हणून १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी प्रत्युत्तरादाखल हे लावलं आणि कोंबड्यांचं भांडण कधीच विरलं तरी ते आजही आहे. साठ वर्षांच्या या कुंपणात डेट्रॉइट पिकअपवर इतकं विसावलं, की छोट्या गाड्या चांगल्या बनवायची जिद्दच संपली; २०१८ मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेत सेडानच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आणि ज्या कुंपणाने फोर्डला पोसलं, त्याखालून फोर्डनेच वाट काढली. ट्रान्झिट कनेक्ट ही मालवाहू व्हॅन तुर्कस्तानातून आणताना तिला मागे सीट आणि काचा लावून प्रवासी गाडी म्हणून आणायची, म्हणजे शुल्क अडीच टक्के. बंदरावरून उतरली की सीट उपसून टाकायच्या आणि मालाची व्हॅन म्हणून विकायची. २०२४ मध्ये या प्रकरणात फोर्डने सरकारला ३६.५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. कामगारासाठी म्हणून लावलेल्या शुल्काचा कंपनी असा उपयोग करते.

म्हणून माझा सगळा रोख अटींवर आहे. सरकारने जमीन, रस्ते, करमाफी देताना काय लिहून घेतलं, इथे खरी लढाई आहे, आणि तिथे अमेरिकी कंपन्यांनीही लोकांना कमी ठकवलेलं नाही. १९८१ मध्ये डेट्रॉइटने पोलटाउन नावाची वस्ती उठवली. जवळपास चार हजार माणसं, घरं, दुकानं, चर्च, सगळं पाडून जमीन जनरल मोटर्सच्या हाती दिली, सहा हजार नोकऱ्यांच्या शब्दावर. तो शब्द पुरा झाला नाही. मिशिगनमधल्या इप्सिलँटी टाउनशिपने विलो रनच्या कारखान्यासाठी त्याच कंपनीला करसवलती दिल्या होत्या. १९९२ मध्ये तिने ते काम टेक्सासला हलवायचं ठरवलं. टाउनशिप कोर्टात गेली. १९९३ च्या फेब्रुवारीत न्यायाधीशांनी कंपनीला मनाई केली, आणि काही महिन्यांत अपील कोर्टाने ती उठवली, कारण काम इथेच ठेवण्याची बांधील हमी कुठेच नव्हती. मर्सिडीजला बोलावण्यासाठी अलाबामाने पंधराशे नोकऱ्यांपोटी सुमारे २५ कोटी डॉलर मोजले. आणि हे फक्त अमेरिकेत घडतं असं मानायचं कारण नाही. तळेगावच्या कारखान्यातलं उत्पादन जनरल मोटर्सने २०२० च्या अखेरीस थांबवलं, कामगार कोर्टकचेऱ्या करत राहिले, आणि २०२४ मध्ये कारखाना ह्युंदाईच्या ताब्यात गेला. अमेरिकी मालक जाऊन कोरियन आला. जुन्या कामगाराला आपलं काम परत मिळण्याचा हक्क त्या व्यवहारात कुठे होता?

लिहून घेतलं तर वसूल करता येतं, हे ओहायोने दाखवलं आहे. लॉर्ड्सटाउन बंद केल्यावर राज्याच्या करसवलत प्राधिकरणाने जुना करार काढला आणि २०२० मध्ये जनरल मोटर्सला २.८ कोटी डॉलर परत करायला आणि आणखी १.२ कोटी त्या परिसरात गुंतवायला लावले. दिलेल्यापेक्षा हे कमीच होतं, पण करारात कलम होतं म्हणून तेवढं तरी मिळालं. जॉर्जियात सव्हानाजवळ एलाबेलला ह्युंदाईच्या नव्या कारखान्यासाठी राज्याने १.८ अब्ज डॉलरच्या सवलती दिल्या, ८,१०० नोकऱ्यांच्या बदल्यात. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच आवारातल्या बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर स्थलांतर खात्याची धाड पडली आणि सुमारे पावणेपाचशे लोकांना पकडण्यात आलं, त्यांतले तीनशेहून अधिक कोरियन. यंत्रं बसवून द्यायला, चालवायला शिकवायला आलेली माणसं त्यांत होती. १९८४ मध्ये फ्रीमाँटचे कामगार तीच विद्या घ्यायला जपानला गेले होते. सवलतींच्या करारातच इतके स्थानिक कामगार इतक्या मुदतीत शिकवून तयार करायचे, परदेशी तंत्रज्ञ या परवान्यावर एवढे दिवस येतील, असं कलम घातलं असतं तर जॉर्जियाच्या तरुणांचा आणि त्या तंत्रज्ञांचाही फायदा झाला असता.

असल्या अटी घातल्या तर कंपन्या येणारच नाहीत, असं उत्तर हमखास मिळतं. पण जॉर्जियाने स्वतःच २०२४ मध्ये एक कायदा केला आहे. राज्याच्या सवलती घेणाऱ्या कंपनीने गुप्त मतदानाशिवाय, आपणहून युनियनला मान्यता दिली, तर तिच्या सवलती जातात. अलाबामा आणि टेनेसीनेही असेच कायदे केले. म्हणजे अट घालता येते, कंपन्या ती पाळतात आणि येतातही. मग सुटे भागांच्या कारखान्यात एकही मूल यंत्रावर दिसलं तर सवलत परत, कंत्राटी कामगाराला ठरावीक मुदतीत कायम केलं नाही तर सवलत परत, कारखाना मुदतीआधी बंद केला तर व्याजासह परत, ही कलमं त्याच कायद्याच्या पुढच्या पानावर लिहायला काय हरकत आहे? तिथल्या आमदारांना हा प्रश्न विचारायचा आहे, आणि तो ह्युंदाईला जितका लागू आहे तितकाच फोर्डला.